चित्रफितीचा कालांक

सिनेमाची फिल्म हातांत घेऊन उजेडासमोर धरली कीं तिच्यावरचीं चित्रें साध्या डोळ्यांना दिसतात. एकाखालीं दुसरें, दुसऱ्याखालीं तिसरें अशी ती माळ असते, आणि नायकानें दार उघडलें तें नेमकें कोणतें चित्र हें बोटानें दाखवितां येतें. चित्रफितीचें, म्हणजे व्हिडिओटेपचें, तसें नाहीं. ती उजेडासमोर धरली काय किंवा भिंगाखालीं धरली काय, दिसते ती केवळ एक काळपट, गुळगुळीत, मुकी पट्टी. तिच्यावर तासाभराचा सोहळा उतरलेला असो वा कांहींच नसो, डोळ्याला दोन्ही सारखेंच. अशा फितींतून हवें तें चित्र शोधावें कसें, आणि शोधल्यावर तें दुसऱ्या फितीवर नेमक्या जागीं नेऊन बसवावें कसें, हा प्रश्न या यंत्राच्या जन्माबरोबरच जन्मास आला. कालांक हें त्याचें उत्तर होय. धंद्यांतील मंडळी त्याला टाइमकोड म्हणतात.

चित्र फितीवर टिपणारें पहिलें व्यवहारोपयोगी यंत्र अमेरिकेंतील अँपेक्स कंपनीनें १९५६ सालच्या एप्रिल महिन्यांत शिकागो येथें प्रसारकांच्या परिषदेंत मांडलें. दोन इंच रुंदीची फीत सेकंदाला पंधरा इंच या वेगानें सरके आणि चार चुंबकीय शीर्षें बसविलेली एक लहान चकती तिच्यावरून आडवी गरगर फिरत चित्र लिहीत जाई. त्याच वर्षीं ३० नोव्हेंबरला सीबीएस संस्थेनें न्यूयॉर्कच्या बातम्या हॉलिवुडमध्यें या यंत्रावर टिपून घेऊन कांहीं तासांनीं पश्चिम किनाऱ्यावरील प्रेक्षकांना दाखविल्या. टिपणें आणि दाखविणें येथपर्यंत सारें सुरळीत होतें. कापाकापी करावयाची वेळ आली तेव्हां खरी अडचण कळली.

त्या काळचा संकलक फितीवर बारीक लोहकण मिसळलेला एक द्रव लावी. चुंबकीय रेषांवर ते कण गोळा होत. मग सूक्ष्मदर्शकांतून पाहून दोन चित्रांमधली सीमा हुडकावयाची, धारदार पात्यानें फीत बरोबर तेथें छेदावयाची आणि पाठीमागून चिकटपट्टी लावून जोडावयाची. शिवाय ध्वनीचें शीर्ष चित्राच्या शीर्षांपासून सुमारें सव्वानऊ इंच दूर बसविलेलें असे. म्हणून एकाच जागीं कापलेल्या फितींत चित्र एका क्षणाचें आणि आवाज अर्ध्या सेकंदाहून अधिक अंतरावरचा, अशी विसंगति ठरलेलीच. वक्त्याचें शेवटचें अक्षर तोडूं नये म्हणून संकलकाला केवढी तारांबळ करावी लागत असेल याची कल्पना सहज करतां येईल. एकदां कापलेली फीत पूर्ववत् होत नसे, हें तर निराळेंच.

१९६३ सालीं अँपेक्सनेंच न कापतां संकलन करण्याची सोय काढली. एका यंत्रावर मूळ फीत लावावयाची, दुसऱ्यावर कोरी फीत, आणि हवा तेवढा भाग विजेच्या द्वारें पहिलीवरून दुसरीवर उतरवून घ्यावयाचा. मूळ फीत शाबूत राहिली, पात्याचें भय गेलें. परंतु दोन्ही यंत्रें नेमक्या क्षणीं नेमक्या चित्रावर एकत्र येणार कशीं? फितीच्या कडेला प्रत्येक चित्राबरोबर एक ठोका नोंदलेला असतो. त्या मार्गाला कंट्रोल ट्रॅक म्हणतात. यंत्र हे ठोके मोजूं शकतें. पण ठोके मोजणें म्हणजे आगगाडीच्या खिडकींतून तारेचे खांब मोजणें. प्रवाशाला मध्येंच डुलकी लागली कीं त्याचा हिशेब गेला. गाडी कोठें आहे हें त्याला सांगतां येणार नाहीं. मैलाचा दगड वाचणाऱ्याचें तसें होत नाहीं. तो केव्हांही जागा झाला तरी पुढचा दगड त्याला अचूक स्थान सांगतो. फीत जोरानें गुंडाळतांना कांहीं ठोके निसटतात, कॅसेट बाहेर काढून पुन्हां घातली कीं मोजणी शून्यापासून सुरू होते. म्हणून फितीवर खांब नकोत, दगड हवे होते.

ते दगड निराळ्याच क्षेत्रांतून आले. क्षेपणास्त्रांच्या व अंतराळयानांच्या चाचण्यांत मोजमापांच्या फितींवर वेळेची खूण नोंदविण्याची रीत अमेरिकेंत अगोदरच रुळली होती. १९६७ सालीं कॅलिफोर्नियांतील ईईसीओ या कंपनीनें ती रीत चित्रफितीला लावून दाखविली. लवकरच जो तो आपापला संकेत काढूं लागला आणि एका कारखान्याची फीत दुसऱ्याच्या यंत्राला वाचतां येईना. तेव्हां अमेरिकेंतील चलच्चित्र व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेनें, जिचें नांव एसएमपीटीई या आद्याक्षरांनीं सर्वत्र ओळखलें जातें, समिति नेमून एक सामाईक संकेत ठरविला. युरोपांतील प्रसारणसंस्थांच्या संघानेंही तोच स्वीकारला. आज जगभर चालतो तो हाच.

तो आठ अंकी आकडा आहे. दोन अंक तासांचे, दोन मिनिटांचे, दोन सेकंदांचे आणि शेवटचे दोन त्या सेकंदांतील चित्राचे. एकेका स्थिर चित्राला फ्रेम म्हणतात, आणि भारतांत किंवा युरोपांत दूरचित्रवाणीच्या एका सेकंदांत अशा पंचवीस फ्रेम येतात. ०२:१४:३७:१८ असा आकडा असेल तर तो दोन तास, चौदा मिनिटें, सदतीस सेकंद आणि त्यापुढची अठरा क्रमांकाची फ्रेम असा वाचावयाचा. रूप घड्याळाचें असल्यामुळें नवखा माणूस येथेंच फसतो. त्याला वाटतें कीं हें यंत्र वेळ सांगत आहे. वस्तुतः कालांक हा पत्ता आहे. घड्याळाचा पोशाख त्याला एवढ्याचसाठीं चढविला कीं दोन पत्त्यांची वजाबाकी केली तर मधल्या प्रसंगाची लांबी आपोआप कळावी. पत्ता म्हटला कीं दोन गोष्टी ओघानेंच आल्या: एका फितीवर तोच पत्ता दोनदां येतां कामा नये, आणि पुढचा पत्ता नेहमीं मागच्याहून मोठा असावा. कालांक लावण्याचे झाडून सारे नियम या दोन अटींतून निघतात.

आकडा फितीवर कसा लिहिला जातो तें पाहण्यासारखें आहे. प्रत्येक फ्रेमबरोबर शून्य व एक अशा चिन्हांची ऐंशी घरांची एक ओळ, ध्वनीच्या मार्गासारख्या एका लांबट मार्गावर उतरते. त्या ऐंशींपैकीं सव्वीस घरें आठ अंकांना लागतात. बत्तीस घरें वापरणाऱ्याच्या मर्जीला मोकळीं ठेविलेलीं आहेत. तेथें तारीख किंवा कॅसेटचा क्रमांक घालतां येतो. सहा घरें किरकोळ खुणांचीं. उरलेल्या सोळांत ओळ संपल्याची निशाणी असते. या निशाणींत लागोपाठ बारा वेळां 'एक' येतो, जो योग आकड्यांच्या भागांत कधींही घडत नाहीं. आणि त्या बारांच्या एका बाजूस दोन शून्यें व दुसऱ्या बाजूस शून्य आणि एक अशी जोडी ठेवल्यामुळें फीत सुलट चालली आहे कीं उलट, हेंही वाचणाऱ्या यंत्राला तत्काळ समजतें. लिहिण्याची पद्धत त्याहून चतुर आहे. प्रत्येक घराच्या सीमेवर लहर एकदां पालटते. घरांत 'एक' असला तर मधोमध आणखी एकदां पालटते. यंत्राला लहरीची उंची पाहावी लागत नाहीं, पालट केव्हां झाला एवढेंच पाहावें लागतें. म्हणून फीत कितीतरी पट वेगानें पळत असतांही आकडा वाचला जातो. कानाला हा संकेत म्हणजे एक कर्कश किरकिर. तार चुकून ध्वनीच्या मार्गाला जोडली गेली कीं तीच प्रथम ऐकूं येते.

या पद्धतीचें एक वैगुण्य आहे. फीत थांबली कीं लहरच उरत नाहीं, आणि लहर नसेल तर आकडा कोठला? संकलकाला तर चित्र स्थिर करूनच निर्णय घ्यावयाचा असतो. म्हणून पुढें दुसरा प्रकार निघाला. प्रत्येक चित्राच्या वरच्या बाजूस कांहीं रेषा पडद्यावर न दिसणाऱ्या अशा असतात. त्यांत हाच आकडा नव्वद घरांत लिहूं लागले. चित्र वाचणारीं शीर्षें थांबलेल्या फितीवरूनही फिरत असल्यामुळें हा आकडा स्थिर चित्रावर वाचतां येतो. मात्र फीत वेगानें गुंडाळतांना तो हरवतो. अर्थात् दोन्ही प्रकार एकमेकांचें उणें भरून काढतात आणि चांगलीं यंत्रें वेगाप्रमाणें कधीं हा तर कधीं तो वाचतात. पहिल्याला एलटीसी व दुसऱ्याला व्हीआयटीसी म्हणण्याचा प्रघात आहे.

आतां प्रत्यक्ष लावण्याकडे वळूं. छायाचित्रकार कॅमेरा घेऊन निघतो तेव्हां त्याच्या यंत्रावर दोन कळा असतात. पहिलीवर 'रेक-रन' आणि 'फ्री-रन' असे दोन पर्याय. रेक-रनमध्यें फीत चालेल तेव्हांच आकडा पुढें सरकतो, फीत थांबली कीं तोही थांबतो. फ्री-रनमध्यें आकडा घड्याळासारखा अखंड चालूं राहतो, फीत चालो वा न चालो. दुसऱ्या कळेवर 'प्रीसेट' व 'रीजन'. प्रीसेट म्हणजे आपण दिलेल्या आकड्यापासून आरंभ. रीजन म्हणजे फितीवर शेवटीं कोणता आकडा आहे तो वाचून त्याच्या पुढचा आकडा देणें. एकट्या कॅमेऱ्यानें काम असेल तर नवी कॅसेट घालतांना प्रीसेटवर आरंभाचा आकडा द्यावा, रेक-रन ठेवावें आणि पहिला तुकडा टिपून झाल्यावर कळ रीजनवर न्यावी. नेहमींच्या कामाला एवढें पुरतें.

आरंभाचा आकडा कोणता द्यावा? पुष्कळांना शून्य हा स्वाभाविक वाटतो आणि तोच सर्वांत वाईट. संकलनयंत्र कोणताही प्रसंग उतरविण्यापूर्वीं फीत पांच ते दहा सेकंद मागें नेतें व तेथून धांव घेऊन नेमक्या फ्रेमवर पूर्ण वेगांत येतें. या धांवेला प्रीरोल म्हणतात. समजा, फीत शून्यावर सुरू झाली आणि हवा असलेला प्रसंग तिसऱ्या सेकंदावर आहे. पांच सेकंद मागें जावयाचें म्हणजे मध्यरात्र ओलांडून २३:५९:५८ वर जावें लागेल. यंत्राची समज एवढीच कीं मोठा आकडा पुढें असतो. तें बिचारें फीत मागें घेण्याऐवजीं पुढें पळवीत सुटतें आणि शेवटच्या टोकाला जाऊन थांबतें. म्हणून जाणते लोक पहिली कॅसेट एकच्या तासावर, दुसरी दोनच्या, तिसरी तीनच्या अशा लावतात. बाहेरच्या चित्रणासाठीं वापरावयाची बीटाकॅम जातीची लहान कॅसेट अर्ध्या तासाची असते, यू-मॅटिकची वीस मिनिटांची. तेव्हां तास ओलांडण्याचें भय नाहीं, आणि आकड्याचे पहिले दोन अंक पाहतांच ती कितवी कॅसेट आहे हें कळतें. तेविसाव्या कॅसेटनंतर ही युक्ति संपते. मग मोकळ्या बत्तीस घरांत कॅसेटचा क्रमांक घालावा.

फ्री-रनचा मोह मोठा आहे. दोन-चार कॅमेरे एकाच समारंभावर लागले असतील तर सर्वांचीं घड्याळें सकाळीं एकदां जुळवून घ्यावीं, म्हणजे टाळी पडली तो क्षण प्रत्येक फितीवर एकाच आकड्याला सांपडतो. वार्ताहरालाही मनगटावरचें घड्याळ पाहून टिपणें करतां येतात. परंतु कॅमेरा थांबवून वीस मिनिटांनीं पुन्हां सुरू केला तर फितीवर एका फ्रेमला १०:१५:२० आणि लगेच पुढच्या फ्रेमला १०:३५:२० असा आकडा पडतो. संकलकानें नव्या तुकड्याचा दुसराच सेकंद मागितला तर यंत्र पांच सेकंद मागचा, म्हणजे १०:३५:१७ चा, पत्ता शोधूं लागतें. तो पत्ता फितीवर नाहींच. तेव्हां फ्री-रन वापरणारानें प्रसंग सुरू होण्यापूर्वीं दहा सेकंद तरी फीत चालूं ठेवावी. खरें पाहतां रेक-रनमध्येंही ही संवय चांगलीच. फितीचे दहा सेकंद वांचविणारा छायाचित्रकार संकलकाचा तास घालवितो. आणि दुसऱ्या दिवशींच्या फितीवर तेच आकडे पुन्हां येणार असल्यामुळें तारीख मोकळ्या घरांत नोंदणें फ्री-रनमध्यें अगत्याचें आहे.

सर्वांत जास्त नुकसान ज्या चुकीनें होतें ती अगदीं साधी आहे. टिपलेलें चित्र कसें आलें हें पाहण्याची कोणाला तरी हौस येते. फीत मागें घेतली जाते, पाहिली जाते, आणि पुन्हां पुढें नेतांना शेवटच्या चित्राच्या पलीकडे कोऱ्या भागांत जाऊन थांबते. आतां रीजनला वाचावयास कांहींच मिळत नाहीं. साध्या कॅमेऱ्यांत तर आकडा मुकाट्यानें शून्यापासून सुरू होतो. संध्याकाळपर्यंत असें तीनदां झालें तर एकाच कॅसेटवर ००:०१:१०:०५ या पत्त्याच्या चार फ्रेम तयार होतात. गिरगांवांतील चाळींत चार खोल्यांना एकच क्रमांक दिला तर पोस्टमन काय करील? जी खोली प्रथम लागेल तेथें पत्र टाकील. यंत्रही तेंच करतें, आणि तक्रारही करीत नाहीं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या शेवटीं पांच-दहा सेकंद अधिक टिपून ठेवावे, आणि फीत पाहिल्यावर तिला कोऱ्या भागांत न सोडतां त्या जादा सेकंदांच्या आंत आणून मग पुढचें टिपणें सुरू करावें. चूक होऊन गेल्यावरचा उपाय महाग आहे: सारी फीत नव्या, अखंड कालांकासह दुसरीवर उतरवून घेणें. जुन्या ॲनालॉग फितींत प्रत्येक उतरवणीबरोबर चित्र थोडें मळतें, आणि मूळ आकड्यांवरून केलेलीं सारीं टिपणें रद्द होतात.

ज्या फितीवर कार्यक्रम जुळवावयाचा तिची तयारी निराळी असते. जुळवणी दोन तऱ्हांनीं होते. असेंबल पद्धतींत प्रत्येक नवा तुकडा आपल्याबरोबर चित्र, ध्वनि, कंट्रोल ट्रॅक आणि कालांक सारेंच नव्यानें लिहितो. इन्सर्ट पद्धतींत कंट्रोल ट्रॅक व कालांक यांना हात न लावतां केवळ चित्र, केवळ ध्वनि किंवा दोन्ही बदलतां येतात. असेंबलचा तुकडा जेथें संपतो तेथें फितीवर एक तुटलेली जागा राहते. कार्यक्रमाच्या मध्यभागीं असेंबल वापरणें म्हणजे चालत्या कार्यक्रमाचें चित्र त्या जागीं कोलमडून पाडणें होय. इन्सर्ट त्याहून सुरक्षित. पण त्याला आधीं सबंध फितीवर अखंड कंट्रोल ट्रॅक व कालांक लागतो. म्हणून कोऱ्या फितीवर आरंभापासून शेवटपर्यंत नुसता काळा पडदा टिपून घेतात. याला फीत काळी करणें म्हणतात. तासाच्या फितीला पुरता तास लागतो, तो कमी होत नाहीं, आणि घाईच्या दिवशीं याच तासावर कुऱ्हाड पडते. ज्या संकलनगृहांत आदल्या रात्रीं दोन-चार फिती काळ्या करून ठेवीत तेथलें काम सुरळीत चाले.

या फितीचा आरंभही शून्यावर नको. कार्यक्रमाची पहिली फ्रेम ब्रिटनमध्यें बहुधा १०:००:००:०० वर आणि अमेरिकेंत ०१:००:००:०० वर ठेवण्याची चाल पडली. त्यापूर्वीं रंगपट्ट्या, ध्वनीचा एकसुरी स्वर, कार्यक्रमाचें नांव दाखविणारी पाटी व कांहीं सेकंदांचा काळा पडदा यांना जागा लागते. म्हणून कार्यक्रम दहाला सुरू व्हावयाचा असेल तर फीत काळी करतांना आरंभ, उदाहरणार्थ, ०९:५८:००:०० वर करावा. यांत एक आयतीच सोय आहे: कार्यक्रम चालूं असतां १०:२२:४० हा आकडा दिसला कीं बावीस मिनिटें चाळीस सेकंद झाले हें गणिताशिवाय कळतें.

दोन बारीक गोष्टी येथेंच सांगून टाकाव्या. कालांक देणारें यंत्र आणि चित्र देणारें यंत्र हीं दोन्ही एकाच तालाला बांधलेलीं असावींत. नाहींतर आकड्याची सीमा फ्रेमच्या सीमेवरून हळूहळू सरकते आणि एका चित्राला कधीं हा तर कधीं तो आकडा मिळतो. दुसरी गोष्ट उतरवणीची. एलटीसीची लहर एका फितीवरून दुसरीवर तशीच सोडली तर तिचे कोपरे झिजतात आणि दोन-तीन उतरवणींनंतर ती वाचेनाशी होते. म्हणून ती नेहमीं वाचून नव्यानें घडवून द्यावी. परंतु व्हीआयटीसी तर चित्राच्याच पोटांत बसलेला. तो न पुसतां फीत उतरविली कीं नव्या फितीवर दोन आकडे राहतात, लांबट मार्गावर नवा आणि चित्रांत जुना. फीत चालते तेव्हां यंत्र एक पत्ता दाखवितें, थांबते तेव्हां दुसराच. कारण ठाऊक नसेल तर यंत्रांतच बिघाड आहे असें वाटून माणूस दिवसभर तें उघडून बसावयाचा.

अमेरिकेंतील मंडळींच्या वाट्याला आणखी एक पीडा आली. तेथें कृष्णधवल चित्राच्या सेकंदाला बरोबर तीस फ्रेम होत्या. १९५३ सालीं रंगीत चित्राची पद्धति मान्य झाली तेव्हां रंगाची लहर व ध्वनीची लहर एकमेकींत मिसळून पडद्यावर जाळी उठूं नये म्हणून हा वेग हजारांत एक भाग कमी करावा लागला. तो सुमारें २९.९७ झाला. कालांक मात्र तीसच मोजतो. परिणामीं फितीवरचा एक तास खऱ्या तासापेक्षां ३.६ सेकंदांनीं लांबतो. घरांतल्या माणसाला हें अंतर जाणवणार नाहीं. ज्या केंद्राचा जाहिरातींचा क्षण सेकंदावर विकलेला आहे त्याला मात्र तें परवडत नाहीं. यावर काढलेला तोडगा पंचांग पाहणाऱ्या घराला लगेच उमगेल. तिथीचा क्षय होतो तेव्हां कोणताही दिवस नाहींसा होत नाहीं. केवळ एक क्रमांक गाळून पुढचा घेतला जातो. त्याचप्रमाणें दर मिनिटाच्या आरंभीं ०० व ०१ हे दोन फ्रेम-क्रमांक गाळतात, मात्र दर दहाव्या मिनिटाला गाळीत नाहींत. तासाच्या साठ मिनिटांतून सहा वगळलीं कीं उरतात चोपन्न, प्रत्येकीं दोन म्हणजे १०८ क्रमांक, आणि ३.६ सेकंदांच्या फ्रेमही तेवढ्याच होतात. याचें नांव ड्रॉप-फ्रेम. नांवामुळें चित्रें गाळलीं जातात असा समज पसरतो, तो चुकीचा. एवढें करूनही दिवसाकांठीं सुमारें अडीच फ्रेमचा फरक उरतोच, पण त्याची फिकीर कोणी करीत नाहीं. फिकीर करावयाची ती एकाच गोष्टीची: एका कार्यक्रमाच्या फितींत कांहीं ड्रॉप-फ्रेमच्या व कांहीं साध्या अशी सरमिसळ होऊं नये, नाहींतर लांबीचा हिशेब जमत नाहीं.

मुंबईचें दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं वरळीस सुरू झालें तें पंचवीस फ्रेमच्या पद्धतीनें, आणि १९८२ सालीं रंग आला तोही त्याच वेगानें. पंचविसाला पंचवीसच मोजले जात असल्यामुळें येथल्या संकलकाला क्रमांक गाळण्याचा हा खटाटोप कधींच करावा लागला नाहीं. अमेरिकेहून फीत आली किंवा तिकडे पाठवावयाची झाली तरच तो प्रश्न उद्भवे.

इतक्या काटेकोरपणाचें चीज होतें तें यादींत. मोठीं संकलनगृहें तासाच्या भाड्यावर चालत आणि तें भाडें जबर असे. म्हणून मूळ फितींची व्हीएचएसवर एक साधी नक्कल काढीत व तिच्यांत कालांक चित्रावरच एका चौकटींत दिसेल असा छापून घेत. दिग्दर्शक ती घरीं नेऊन, थांबवून थांबवून, हवे ते आकडे वहींत उतरून घेई. त्यांतून एक यादी तयार होई: कितवा तुकडा, कोणती कॅसेट, चित्र कीं ध्वनि, साधा सांधा कीं विरघळता, मूळ फितीवरचा आरंभ व शेवट, आणि नव्या फितीवरचा आरंभ व शेवट. ही यादी संकलनयंत्राच्या गणकाला दिली कीं तें एकेक कॅसेट मागवून घेऊन साऱ्या फ्रेम बिनचूक जुळवी. आठवड्यांचा विचार घरीं, आणि महागडी यंत्रें फक्त एक दिवस. मात्र यादींत चित्र एकही नसतें. असतात ते नुसते पत्ते. मूळ फितीवर पत्ता दोनदां पडला असेल तर वधूच्या मुखाऐवजीं मांडवाच्या खांबाचें चित्र कार्यक्रमांत जाऊन बसतें, आणि यंत्राच्या दृष्टीनें त्यांत गैर कांहींच नसतें.

आतां चित्रण फितीवर होत नाहीं. तें स्मृतिपत्रांवर आणि गणकाच्या चकत्यांवर होतें, आणि कालांक तेथेंही प्रत्येक चित्रखंडाबरोबर नोंदला जातो. परंतु गेल्या शतकाच्या उत्तरार्धांतील सभा, मुलाखती, नाट्यप्रयोग, घरचीं लग्नें हें सारें अजून फितींवर पडलेलें आहे. त्या वाचणारीं नवीं यंत्रें कारखान्यांतून निघत नाहींत, जुन्यांचीं शीर्षें झिजत चाललीं आहेत, आणि पुष्कळ फितींचा थर चिकट होऊन सुटूं लागला आहे. म्हणजे प्रत्येक फीत यंत्रांतून कदाचित् एकदांच नीट चालेल असें धरून ती उतरवून घ्यावी लागते. त्या एका खेपेंत चित्र व ध्वनि यांच्याबरोबर फितीवरचा मूळ कालांकही उतरवून घेतला तर जुन्या वह्या, जुन्या याद्या व कॅसेटच्या डबीवर पेन्सिलीनें लिहिलेले आकडे पुन्हां बोलके होतात; कोणत्या मिनिटाला कोण बोललें हें पुन्हां सांपडतें. पुष्कळदां घाईनें केवळ चित्र घेतात आणि नव्या खंडाला शून्यापासूनचा आकडा देतात. मग डबीवरची ०३:१७:०५ ही नोंद कशाची, हें कळावयाला दुसरा मार्ग उरत नाहीं.

ज्या फितींत कालांक तुटलेला किंवा दुबार आहे त्यांच्यासाठीं उतरविणाऱ्या माणसाला यंत्राशेजारीं बसून राहावें लागतें. आपोआप उतरविणारी योजना अशा ठिकाणीं अडते किंवा भलत्याच जागीं जाते. त्यानें यंत्राला पत्ता शोधावयास सांगूं नये. फीत आरंभापासून सरळ चालवावी, आकडा जेथें उडी मारील तेथें खंड तोडून नवा सुरू करावा, आणि प्रत्येक खंडाच्या नांवांत कॅसेटचा क्रमांक, फितीवरील त्या खंडाचा अनुक्रम व मूळ कालांकाचा आरंभ हीं तिन्ही लिहावींत. शून्यापासून चारदां सुरू झालेल्या कॅसेटचे असे चार खंड होतील, आणि निदान यापुढें त्या चार फ्रेमना चार निराळे पत्ते असतील.